टाकीतला वाळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढा भाग वगळून पुढे जाते. आज तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही आडवळणं घेणार हे मला ठाऊक आहे. सरळ सांगता आलं असतं तर इतकी वर्षं गेली असती का?

परदेशी कंपन्यांना दारं नुकती उघडली होती तेव्हाची गोष्ट. सिकंदराबादला एका कारखानदाराच्या ऑफिसात मी सेक्रेटरी होते. भागीदारीची बोलणी करायला गोरे पाहुणे येऊ लागले, तशी साहेबांनी हुसेनसागरावर एक शिडाची बोट ठेवली. छोटीशी केबिन, बसायला बाक आणि बाकाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. तलावाच्या पाण्याला तर तेव्हाही हात लावायची सोय नव्हती.

बोटीचं सगळं यादय्या बघायचा — शिडं, दोर आणि ही टाकी. थाळीएवढं झाकण काढून तो खांद्यापर्यंत हात आत घालायचा, ब्रशनं कोपरे घासायचा, ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून ठेवायचा. मग ते सोडून देऊन साध्या पाण्यानं धूत बसायचा, वास जाईपर्यंत. "घर के बर्तन भी ऐसेच धोते क्या, यादय्या?" असं मी त्याला चिडवायचे. तो हसायचा. चांगला माणूस होता. हे मी मुद्दाम सांगतेय.

एकदा पाहुणे यायचे होते म्हणून मी टाकीचं पाणी चाखून बघितलं. पावडरची पुसटशी चव होती, इतकंच. पण मला राहवेना. आमच्या गौलीगुड्याच्या घरी उन्हाळ्यात माठात वाळ्याची पुरचुंडी सोडतात, पाणी कसं सुगंधी लागतं! दुसऱ्या दिवशी मी घरून तशी पुरचुंडी नेली आणि झाकणाला आतून दोऱ्यानं बांधून टाकीत सोडली. यादय्याला बोलले नाही. पाणी इतकं छान कसं, असं साहेबांनी विचारलं की मगच सांगायचं होतं. शाबासकीची हाव, दुसरं काय?

पण माठ आपण रोज रिकामा करतो, घासतो. पुरचुंडी उन्हात वाळवतो. ही टाकी बंद होती, आणि पाहुण्यांचा दौरा लांबणीवर पडला. मे महिन्याच्या उन्हात बोट तापत राहिली आणि मी ती पुरचुंडी साफ विसरले. मग पाहुणे अवचित आले. टाकी धुऊन भरलेली आहे, हे साहेबांना मीच सांगितलं.

पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाणी होतं. सोबत बोटीवर आलेली साहेबांची धाकटी मुलगी मात्र खेळून दमली आणि तिनं टाकीच्या नळालाच तोंड लावलं. दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात होती. मी बघायला गेले — डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. वाचली ती. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

टाकी उघडून बघा, असं साहेब म्हणाले. बघायला पाठवलं ते मलाच! झाकण काढलं तर पुरचुंडी काळी, बुळबुळीत झालेली, आणि असा वास की मला उलटी आली. मी दोरा तोडला. पुरचुंडी माझ्या जेवणाच्या डब्यात घातली, डबा पिशवीत टाकला. आणि साहेबांना जाऊन सांगितलं — टाकी नीट धुतलेली दिसत नाही.

हेच ते वाक्य. एवढंच.

"अम्मतोडु साब, कोना कोना धोया था मैं," यादय्या आईची शपथ घेऊन सांगत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला धुताना मी बघितलंच होतं ना! मी खाली मान घातली. साहेब त्याला पोलिसांत द्यायला निघाले तेव्हा मात्र मी मधे पडले. जाऊ द्या सर, गरीब आहे. गरीब म्हणून? पोलीस आले तर खोदून विचारतील, या भीतीनं. त्याची नोकरी गेली. त्याचं नाव असं झालं की पाण्याच्या कामाला त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

बऱ्याच वर्षांनी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर तो भेटला. पाठीवर पोतं होतं, केस पिकलेले. मी चुकवून जाणार होते, पण त्यानंच ओळखलं. पोतं खाली ठेवलं.

"मॅडम, आप मेरेकू जेल से बचाए. नै भूला मैं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "उस दिन एकाद कोना छूट गया होंगा मेरे हाथ से. बच्ची का मुँह अब भी दिखता मेरेकू."

त्याचंच चुकलं, असं तो स्वतःच मानू लागला होता. सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलंही.

"जाने दो, यादय्या," मी म्हणाले. "सब माफ कर दिए तुमकू."

त्यानं हात जोडले. मी ते जोडू दिले.