गवत्याची कबुली

सोफ्यांच्या कारखान्यात त्याला सगळे गवत्या म्हणत. तोंडात बारीक खिळे धरून, जिभेने एकेक पुढे आणत तो रेक्झिन ठोकायचा. दुपारी खिळे वाटीत थुंकून डबा उघडायचा. डब्यात पालेभाजी, कडधान्य, गाजर. वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, त्या वर्षी त्याने मांस सोडलं. शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या धाकट्या भावालाही आधी दमदाटी करून, मग हातापाया पडून सोडायला लावलं. धाकटा म्हणायचा, दादा, आपल्याला एक दिवस शेपूट फुटणार. पण खायचा.

मग गवत्यालाच झाला. वडिलांचाच आजार, त्याच जागी.

ऑपरेशननंतर पोटाला शौचाची पिशवी लागली. धाकटा रोज बघायला यायचा. एकदा गवत्याच्या बायकोला धाकट्याच्या शर्टाला भाजलेल्या मांसाचा वास आला. त्याने लपवलंही नाही. गेल्याच वर्षी धाकट्याच्याही आतड्यातून एक लहान गाठ काढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, भाज्या, फळं, कडधान्यं वाढवा, सॉसेज वगैरे बंद करा, धोका कमी होईल. कमी होईल, संपणार नाही. गवत्याने हेच पुन्हा समजावलं.

"तुझा किती कमी झाला, दादा?" धाकट्याने विचारलं.

त्याची नजर चादरीखाली वाळत चाललेल्या देहावर होती.

 दोन-तीन दिवसांनी धाकटा आला तेव्हा गवत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी खात होतो."

"काय?"

"सॉसेज. कापड आणायला बाजारात जायचो तेव्हा. पहिल्यापासून."

धाकटा खाटेच्या पायथ्याशी उभाच राहिला. "आणि मला गवत चारलंस."

"हो."

तो गेला. जाताना दारही लावलं नाही.

बायको दार लावून आली. "असं खोटं का बोललात?"

"खरं सांगून बघितलंच की."

कारखान्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. गवत्या कसला, बोका निघाला, असं म्हणत सगळे पोट धरून हसले. भेटायला येणारे कमी झाले. धाकटा तर फिरकलाच नाही.

महिनाभराने बायको त्याची हत्यारं आणायला कारखान्यात गेली. जेवणाची सुट्टी होती. परत आल्यावर पिशवी कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, भावजी दिसले.

"काय खात होता?"

"कोबी."

"अजून?"

"उकडलेल्या शेंगा. कुणाचा तरी सूड घेतल्यासारखे चावत होते. कुणी मांसाचा तुकडा पुढे केला, तर त्याच्या अंगावर ओरडले, मला त्या खोटारड्यासारखं मरायचं नाही."

गवत्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "माझी चौकशी केली?"

बायको त्याची उशी सारखी करत राहिली.

"नाही," ती म्हणाली.