शलाकाच्या आधी गावात पोहोचलेली बाई

भूतखेत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी हसणाऱ्यांतली. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आजही हसलेच असते.

आम्ही सिंगापूरला, बेडोकमध्ये राहतो. शलाका ही पुण्यापासूनची मैत्रीण, नवऱ्याबरोबर इथेच, ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत. इटलीतलं ते डोंगरावरचं गाव मीच शोधून काढलं होतं — मध्ययुगातली तटबंदी, उतारावर द्राक्षमळे, घराघराखाली वाइनची तळघरं. दोन्ही जोडप्यांनी जायचं ठरलं. ऐन वेळी माझ्या नवऱ्याच्या, सचिनच्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याचं, रिन्यूअल अडकलं... आणि शलाका नि तिचा नवरा दोघंच गेली.

'तू हवी होतीस गं!' असं लिहून शलाका रोज फोटो पाठवायची. मी प्रत्येकाला हार्ट द्यायचे आणि आतून जळायचे. माझं गाव, आणि मिरवतेय ही!

शुक्रवारी संध्याकाळी डोकं इतकं ठणकायला लागलं की आडवीच झाले. सचिन शेजारी लॅपटॉप घेऊन बसला होता.

शनिवारी तळघरातून शलाकाचा व्हिडिओ कॉल आला. तिथली म्हातारी मालकीण फोनमध्ये डोकावली आणि मला बघून आनंदाने ओरडलीच. गाइडशी बोलून शलाका म्हणाली, "या म्हणतायत, तू काल इथे आली होतीस. एकटीच. दोन ग्लास प्यायलीस, खूप हसलीस."

"चेष्टा पुरे हं!"

"अगं, भिंतीवर खडूने नावही लिहून गेलीस म्हणे. हे बघ... पण हे तुझं नाव नाही. सोनकी कोण?"

मला सोनकी म्हणायचे ते फक्त माझे बाबा. ते गेल्यापासून ते नाव कुणी घेतलेलं नाही. सचिनलासुद्धा ठाऊक नव्हतं.

"अक्षर मात्र तुझंच आहे," शलाका हळूच म्हणाली.

परत आल्यावर ती तडक घरी आली. "माझ्याआधी गुपचूप जाऊन आलीस ना? खरं सांग."

मी पासपोर्ट दाखवला. सचिनने शपथ घेतली, "त्या संध्याकाळी ही माझ्यासमोर घोरत होती." शलाकाने पानं उलटून पाहिली आणि चहा न घेताच निघाली. हल्ली फारशी येत नाही.

काय घडलं, मला आजही सांगता येत नाही. भीती ओसरली, पण जळफळाट मात्र तसाच आहे... आता तो शलाकावर नाही. जी कोण होती, ती तिथे बसून मनसोक्त हसली, दोन ग्लास प्यायली — आणि मला त्या वाइनची चवसुद्धा माहीत नाही.