सरस वाळला की उघडायचं नाही

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पुस्तकं बांधायचा. सगळे त्याला बाइंडर म्हणत, बहीणसुद्धा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली: पुस्तकं दाबून धरायचा एक शिकंजा, चिकटवायच्या सरसाचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत, आणि गिऱ्हाइकाला उभं राहायलाही जागा नाही. कुणी घाई केली की हा म्हणे, वाळायच्या आत उघडलंत तर पानं हातात येतील, मग मला बोल लावू नका. कॉलेजचे प्राचार्य आले तरी शिकंजा सैल होत नसे.

दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. पण रक्तात जुनी कावीळ लपून बसली होती, तिनं आतल्या आत यकृत वाळवलं. एकदा जेवता जेवता रक्ताची उलटी झाली. यकृतात वाट अडली की रक्त आडवाटेला लागतं आणि जठरातल्या शिरा फुगतात. त्यातली एक फुटली होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून त्या शिरेत सुईनं औषधी गोंद सोडला. रक्त थांबलं. भेटायला येणारे डोळे मिचकावून विचारत, रोज किती घेत होतास रे? हा म्हणे, सरस चाटत होतो.

गोंद म्हटल्यावर स्वारी खूश. किती वेळात सुकतो, हे आधी विचारून घेतलं. क्षणात, बाई म्हणाल्या, आणि वर बजावलं की महिन्याभरानं पुन्हा दुर्बीण घालायची, शीर बुजली का ते बघायचं, दुसऱ्या फुगल्या असतील तर त्यांनाही गोंद. ते काही याच्या डोक्यात शिरलं नाही.

तारीख आली आणि गेली. बहिणीनं रडकुंडीला येऊन मला बोलावलं. मी चांगलं झाडलं त्याला. तर हा म्हणतो कसा,

"ताई, चिकटलेलं उघडून बघतो तो कारागीर नव्हे. बघायला गेलं की सुटतं."

"पोट म्हणजे पुस्तक वाटलं का तुम्हाला?"

"नाही ना. पुस्तक सुटलं तर परत बांधता येतं."

अशा माणसापुढे डोकं काय फोडायचं? आतल्या रक्तानं शौचाला काळं व्हायला लागलं होतं, तेही यानं लपवलं. दुसऱ्यांदा रक्त गेलं ते दुकानातच, कापून ठेवलेल्या कागदांवर. पुन्हा दुर्बीण, पुन्हा गोंद. फुटली होती शेजारची शीर. पहिल्या शिरेतला गोंद जागच्या जागी पक्का होता. काय करायचंय त्या पक्केपणाला?

रक्त थांबलं, पण यकृतानं मान टाकली. डोळे पिवळे, पोट पाण्यानं तट्ट. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाहेर नेऊन सांगितलं, आता दुर्बिणीचा उपयोग नाही, घरी न्या. बहीण म्हणाली, ह्यांना कळू द्यायचं नाही.

ती चहा आणायला गेली, तेव्हा त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"ताई, या वेळी मी मुकाट्यानं येईन तपासायला. कधीची तारीख दिलीय?"

खोटं मला जमत नाही, आणि सगळं खरं तोंडातून निघेना. "दिली नाही," एवढंच म्हटलं.

त्यानं चादरीची घडी अंगठ्यानं दाबून नीट बसवली. तेवढ्यात बहीण आली. उसनं हसू आणून म्हणाली, बाई म्हणताहेत आता सगळं ठीक आहे, उद्या घरी जायचं.

त्यानं दोन्ही हातांनी कप धरला. "हो," म्हणाला, "ताईंनी सांगितलं मला."