मीनाक्षीताईंचं प्रातो

मीनाक्षीताईंना 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. कानात मशीन बसवल्यापासून बाकीचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, अगदी पलीकडच्या टेबलावरची कुजबुजसुद्धा. हा एक शब्द तेवढा आत शिरत नाही. शिकागोच्या आमच्या मराठी मंडळींत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे इटलीच्या टूरवर, नेमक्या फ्लॉरेन्सच्या दिवशी, "मी आज बसमध्ये चढणार नाही," असं त्यांनी नाश्त्याला जाहीर केलं तेव्हा कुणी वाद घालायलाच नको होता.

एकनाथकाकांनी घातला. टूर त्यांनी जमवलेली, दर थांब्याला डोकी मोजायचं काम त्यांचं, आणि एक डोकं कमी भरलं की त्यांचं बीपी वाढतं.

"अहो मीनाक्षीताई, फ्लॉरेन्स आहे आज! म्यूझियमची तिकिटं बुक केलीयत. इथे प्रातोत काय आहे बघण्यासारखं?"

"चिंध्या," ताई म्हणाल्या आणि टोस्टला जॅम लावू लागल्या.

प्रातो हे फ्लॉरेन्सच्या शेजारचं शहर. तिथली हॉटेलं स्वस्त, म्हणून टूरवाले माणसांना झोपवतात प्रातोत आणि दाखवतात फ्लॉरेन्स. हॉटेलची लिफ्ट आणि बसचा पार्किंग लॉट, एवढंच आमचं प्रातो. त्यापलीकडे तिथे माणसं राहतात, हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एकनाथकाकांनी तोडगा काढला तो माझ्या जिवावर. "एकटीला सोडता येणार नाही. मंजुषा, तू त्यांची रूम पार्टनर. तू थांब." मी स्पष्टच सांगते, मला भयंकर राग आला. मी अर्धं आयुष्य एका डेंटिस्टच्या ऑफिसात फोन उचलले. समोरच्या भिंतीवर फ्लॉरेन्सच्या पुलाचा फोटो होता. लोक आत बोंबलत असायचे आणि मी त्या पुलाकडे बघत बसायचे. तो पूल आता वीस मिनिटांवर होता आणि मी चिंध्या बघायला निघाले होते. पण मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायची आपल्याला सवय नाही, आणि म्हटलं असतं तरी उपयोग काय होता?

ताईंचं हे चिंध्यांचं प्रकरण मात्र मला माहीत होतं. ताई मूळच्या टेक्स्टाइल इंजिनिअर. सत्तरच्या दशकात लग्न करून शिकागोला आल्या तेव्हा त्यांच्या डिग्रीला तिथे कुणी विचारेना. शेवटी एका लॅबमध्ये मोटारींच्या सीटचं कापड घासून ते किती टिकतं हे बघायची नोकरी मिळाली, आणि रिटायर होईपर्यंत त्यांनी ती इमानेइतबारे केली. त्यांच्या पिढीच्या मैत्रिणी एकेक करून जायला लागल्या, तशी प्रत्येकीची मुलं ताईंना फोन करू लागली. "मावशी, आईच्या साड्या आहेत. आम्ही काय करू त्यांचं?" ताई गाडी घेऊन जायच्या आणि बॅगा घेऊन यायच्या. त्यांचं बेसमेंट म्हणजे गेलेल्या बायकांचं माहेर झालं होतं.

एकदा ऑक्टोबरात जुने कपडे विकणाऱ्या एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये त्यांना कुणाचा तरी पैठणीचा पदर हॅलोविनच्या चेटकिणीचा झगा म्हणून टांगलेला दिसला. त्या दिवसापासून त्या हट्टाला पेटल्या. त्यांची जिवाभावाची मैत्रीण रेखा शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये होती, तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून त्यांनी शब्द दिला होता : तुझी एकही साडी कचऱ्यात जाऊ देणार नाही. पुढे तोच शब्द त्या प्रत्येकीला देत गेल्या.

आता घर विकलं होतं. ऑगस्टअखेर ताई शिकागो सोडून दूर रेडमंडला, मुलाच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होत्या. त्याने, म्हणजे अनयने, सांगितलं होतं, "आई, सूटकेस दोनच." शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साडीवाल्यांनी जुना माल नको म्हणून हात जोडले. भारतातल्या भाच्या म्हणाल्या, पाठवू नकोस, आमचीच कपाटं वाहतायत. शब्द मोडायची वेळ आली होती, आणि मीनाक्षीताईंनी आयुष्यात शब्द मोडलेला नव्हता.

तेवढ्यात त्यांना प्रातो आठवलं. कॉलेजात शिकलेलं. जुन्या लोकरी कपड्यांपासून नवं कापड करायचा धंदा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. लोकरीचं होतं तर रेशमाचं का होणार नाही? सगळ्या साड्यांचं मिळून एकच कापड विणून घ्यायचं आणि प्रत्येकीच्या मुलांना त्यातला तुकडा द्यायचा, असा त्यांचा बेत होता. एका छोट्या कारखान्याच्या मालकिणीशी ईमेल करून त्यांनी वेळ ठरवली, आणि मगच टूरला नाव दिलं. नमुना म्हणून रेखाची जांभळी नारायणपेठ बरोबर घेतली होती. बाकी सगळ्या साड्यांसारखी तीही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, आणि व्हॅक्यूम क्लीनरने हवा काढून घेतल्यामुळे ती पिशवी पापडासारखी चपटी झाली होती.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड होती. आत जुन्या स्वेटरांचे डोंगर होते. एक लाल, एक निळा, एक मातकट. आधीच रंगाप्रमाणे निवडलं की पुन्हा रंगवायला नको, असं मालकीण मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगत होती. ताईंनी कोपरापर्यंत हात निळ्या डोंगरात खुपसला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर अनयच्या लग्नातही बघितला नव्हता.

"आणि सिल्क? विथ जरी?" त्यांनी विचारलं.

मालकिणीने नकारार्थी मान हलवली. जरीत धातू असतो, आमच्या यंत्रांचे दात मोडतील. शिवाय आम्ही फक्त लोकरीचं काम करतो. पण एवढ्या लांबून आलाय, तर दाखवा तरी.

ताईंनी पिशवीची झिप ओढली. फुस्स करून हवा आत गेली आणि पाठोपाठ वास बाहेर आला. डांबरगोळ्या, चंदनाची पावडर आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नसतं. ताईंनी डोळे मिटले. मग साडी टेबलावर उलगडली.

साडी घडीघडीवर चिरली होती. जिथे जिथे दुमड होती तिथे रेशीम जळक्या कागदासारखं तुटत होतं. मालकीण समजूतदार बाई होती. कॉफी आणते म्हणून निघून गेली.

"मला माहीत होतं, मंजुषा," ताई म्हणाल्या. "पहिल्या वर्षाला शिकवतात. रेशीम दाबून ठेवायचं नाही, घडी बदलत राहायची. कॉलेज कशाला, माझी आई दर दिवाळीआधी घड्या मोडायची. मला कुणी सांगायला नको होतं."

"मग उघडली का नाही कधी?"

"वास जाईल म्हणून."

असं काही ऐकलं की मी नेहमी व्यवहाराचं बोलते. म्हटलं, "ताई, चला. ट्रेन पकडली तर अजून फ्लॉरेन्स होईल. निदान पूल तरी बघू."

"तू जा. माझा आजचा दिवस इथलाच आहे."

असं म्हणून त्यांनी फ्लीसच्या जॅकेटवर ती साडी गुंडाळायला घेतली. निऱ्या पँटच्या पट्ट्यात खोचल्या, पदर खांद्यावर टाकला, माझ्या पर्समधल्या सेफ्टी पिना मागून घेतल्या. "रेखा म्हणायची, लेकीच्या ग्रॅज्युएशनला नेसेन. मग म्हणायची, लग्नाला नेसेन. एकदाही नेसली नाही गं. आज नेसून संपवू या."

पंचाहत्तरीची बाई, पायात पांढरे वॉकिंग शूज, अंगावर फाटकी नारायणपेठ. मी लाजेने चार पावलं मागे चालत होते. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च लागलं. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, रस्त्यावरच्या लोकांना उपदेश करता यावा म्हणून, एक दगडी सज्जा काढलेला. ताईंनी तो मान मागे टाकून सावकाश बघितला. एका दुकानात प्रातोची बदामाची बिस्किटं घेतली. ती इतकी कडक की डेंटिस्टकडच्या नोकरीचा अनुभव असून मला दातांची काळजी वाटली. जुन्या गिरणीत आता कापडाचं म्यूझियम आहे, तिथे त्या तासभर मागांसमोर उभ्या राहिल्या. पुढे, कापडाच्या कारखान्यांत काम करायला आलेल्या चिनी लोकांची वस्ती लागली. एका चिनी आजीने वाटेत थांबवून पदराची जरी चिमटीत धरून बघितली आणि पसंतीची मान हलवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलत होत्या.

पावलागणिक साडी झडत होती. दुपारपासून मी मागून जांभळे तुकडे गोळा करत होते. आधी रस्ता घाण होऊ नये म्हणून, मग का ते मला सांगता येणार नाही. प्रातोच्या नदीवर पोचलो तेव्हा माझा राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. मला त्या बाईचा फार अभिमान वाटत होता. संध्याकाळी अंगावर फक्त पदर उरला.

"घरी गेल्यावर सगळ्या पिशव्या उघडायच्या," ताई म्हणाल्या. "जपायचं खूप झालं."

आणि तसंच केलं. ऑगस्टच्या एका शनिवारी ताईंच्या ड्राइव्हवेवर दोऱ्या बांधून साड्या टांगल्या. ज्या धड होत्या त्या न्यायच्या, पण अट एकच : इथून अंगावर नेसून जायचं, बॅगेत घालून नाही. ज्या चिरल्या होत्या त्यांच्या गोधड्या करायच्या, आणि पहिली कात्री ताईंनी स्वतः चालवली. कुणाच्या सुना आल्या, कुणाच्या नाती आल्या, पोरींनी जीन्सवर इरकली गुंडाळल्या. एकनाथकाकांनी सवयीने डोकी मोजली.

सगळ्यांत शेवटी उत्तरा आली, रेखाची मुलगी. थेट क्युपर्टिनोहून विमानाने आली होती. आई गेली तेव्हा तिने सगळ्या साड्या न बघता ताईंना देऊन टाकल्या होत्या. ताई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या आईची जांभळी मी घालवली. जपून ठेवली, उघडली नाही, त्यात गेली. माझी चूक आहे."

उत्तराने हळूच विचारलं, "मावशी, डिड इट स्टिल स्मेल लाइक हर?"

"हो. थोडा वेळ."

ताई गॅरेजमध्ये गेल्या आणि एक चपटी पिशवी घेऊन आल्या. "बाकी सगळ्या मी उघडल्या. तुझ्या आईची ही एक राहिलीय. ही उघडायचा हक्क माझा नाही."

उत्तराने पिशवी छातीशी धरली. "इफ आय ओपन इट, इट्स गॉन."

"न उघडताही जाणारच आहे, बाळा. मी जपून बघितलंय."

उत्तरा तिथेच सिमेंटवर बसली. झिप ओढली आणि दोन्ही हातांनी पिशवी तोंडाशी धरली. मीनाक्षीताईंनी आम्हा सगळ्यांना हाताने खूण करून पाठ फिरवायला लावली, आणि स्वतः तिच्याशेजारी खाली बसल्या.