ताईने शिवलेला शर्ट

शनिवार, नोव्हेंबर २००८, दुपारी तीन. जागा: आमच्या परदेशातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. हजर: मी, माझा नवरा आणि माझी भाची. गैरहजर: भाचीची आई, म्हणजे पुण्याची माझी ताई. ताईच्या समजुतीप्रमाणे तिचा मुलगा इथल्या वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागात इंजिनियर होता. दर शनिवारी आमच्याकडे जेवायला येत होती ती मात्र मुलगी होती. आम्हा दोघांना त्याची सवय झाली होती. तिच्या पासपोर्टवर आणि एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथे नोकरी करण्याच्या परवान्यावर, अजून 'पुरुष'च होतं.

विषय एकच. दुसऱ्या दिवशी होंग लिम पार्कमध्ये तिच्यासारख्यांच्या हक्कांसाठी छोटीशी सभा होती. तिच्या एका इथल्याच मैत्रिणीने रीतसर नोंदणी केली होती. भाचीने ठरवलं होतं की तिथे कमरेपासून वर उघडं उभं राहायचं आणि हातात पासपोर्ट धरायचा.

"कागदावर मी पुरुष ना? मग पुरुषाने शर्ट काढला तर गुन्हा कसला? खाली व्हॉइड डेकवर, बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, आजोबा उघडेबंब बसून बुद्धिबळ खेळतात. त्यांना कोणी हटकतं?"

"त्यांच्याकडे बघायला कोणी थांबत नाही," नवरा म्हणाला.

"काका, प्लीज."

गुरुवारी तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हाच मी ऑफिसातून नियम छापून आणले होते. मी ते टेबलावर मांडले. तिथल्या निदर्शनात परदेशी माणसाला भागच घेता येत नाही, अंगभर कपडे घालूनसुद्धा. म्हणजे पास जाणार. पास गेला की पुणे, आणि पुण्यात पुन्हा शर्ट-पँट घालून ताईचा मुलगा व्हायचं. मला धास्ती त्याची होती. तिलाही होती, पण ती कबूल करत नव्हती.

"आणि हे दुसरं वाच. सार्वजनिक ठिकाणी उघडं दिसणं गुन्हा आहे, आणि तो 'कोणत्याही व्यक्तीने' केला तरी गुन्हाच. बाई-पुरुष असा शब्दच नाही त्यात. तुझा पासपोर्ट दाखवून काही उपयोग नाही."

तिने तो कागद दोनदा वाचला. आता ही भांडणार, असं मला वाटलं. ती हसायला लागली.

"मावशी, या देशात आल्यापासून मुलगा की मुलगी हे न विचारणारा हा पहिला कागद. आणि नेमका तोच मला पकडणार!"

मग तिने डोकं टेबलावर टेकवलं. "पण मला एकदा तरी उभं राहायचंय गं. सगळ्यांसमोर."

मी वहीत 'पर्याय' लिहून खाली तीन आकडे घातले होते. तिन्ही अजून कोरे होते.

"शर्टच काढायचाय ना?" नवरा म्हणाला. "मग शर्टालाच पाठव. तू कशाला जातेस?"

तो थट्टेत म्हणाला होता. आम्ही दोघी मात्र माझ्या कपाटाकडे बघत होतो. भाचीला नोकरी लागली तेव्हा ताईने स्वतः शिवलेला निळ्या रेघांचा शर्ट तिथे होता. भाचीला तो अंगात घालवत नव्हता आणि टाकवतही नव्हता, म्हणून तिने माझ्याकडे ठेवला होता.

"पण धरणार कोण?" ती म्हणाली.

घरात इथले नागरिक दोघं. नवऱ्याला अर्धा तास उभं राहिलं की गुडघा दुखतो. मी इस्त्री गरम करायला लावली आणि वहीत कामांची यादी केली.

तिथे भाषण चार सरकारी भाषांतच करता येतं. मराठी त्यात नाही. "बरंच झालं," भाची म्हणाली, "नाहीतर तू सगळ्यांची हजेरी घेतली असतीस."

रविवारी मी पार्कात हँगर उंच धरून उभी राहिले. शर्टाच्या खिशावर टाचलेल्या कागदावर तिने इंग्रजीत लिहिलं होतं: 'मी काढलेला शर्ट. मी मुलगी आहे.' वीसेक माणसं होती. एक म्हातारी चिनी बाई जवळ आली, कागद वाचला आणि म्हणाली, "तुमच्या मुलाचा?"

"भाचीचा."

तिने कॉलरला बोट लावून पाहिलं. "इस्त्री व्हेरी नाइस लाह."

भाची रस्त्यापलीकडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, उसाचा रस घेऊन बसली होती. माझा हात भरून आला तेव्हा तिचा मेसेज आला: 'खाली करू नकोस. इथून दिसतोय.'

मी हात बदलला, खाली केला नाही.

परतताना एमआरटीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून थेट सेंगकांगपर्यंत झोपली. घरी आल्यावर ती तीन वाट्या आमटी प्यायली. सोमवारी गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवून ती नेहमीसारखी कामाला गेली आणि साडेनऊला तिचा फोन आला, "पोचले." त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच सगळ्यांना चहा पाजला.

शर्ट परत कपाटात गेला. टाचणीने खिशाला दोन बारीक भोकं पडली आहेत. ताई फोनवर विचारते, "त्याला तो शर्ट अजून होतो का गं?" मी सांगते, "इस्त्री करून ठेवलाय." त्या शनिवारच्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या. 'ताईला सांगणे' ही एक ओळ मी दर वर्षी नव्या वहीत उतरवून घेते.