काळोखातली बिगरी

मोहोळहून आलेल्या गाडीवानाने दारात उभ्या उभ्याच सांगितले, "तुमच्या त्या शाळेतल्या बाई गेल्या की हो. ताप आला, त्यातच गेल्या." हातातले ताट मी खाली ठेवले... यमुनाबाई. मला वाचायला शिकवणाऱ्या. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले, तरी त्यांची आठवण आली की मला आधी भीतीच आठवते.

सोलापुरात गिरणीच्या मागे आमची शाळा भरे. पहिलीच्या आधीचा बिगरीचा वर्ग म्हणजे सुताच्या जुन्या गोदामातली लांबोडकी खोली. एका टोकाला दार आणि फळा, दुसऱ्या टोकाला शेवटचे तरट. आमच्या घरी तेलुगू बोलत. मास्तरांचे बोलणे मला कळत नसे, म्हणून 'ढ' ठरून मी त्या तरटावर गेले. तिथे पाटीवरची रेघसुद्धा दिसेना. पाठीमागे रचलेल्या सुताच्या गासड्यांत काहीतरी खसखसे. उंदीर असतील, मला मात्र तिथे कुणीतरी दबा धरून बसले आहे असे वाटे. मास्तरांनी नाव पुकारले की पुष्कळदा परकर ओला होई.

मग यमुनाबाई आल्या. मंद्रूपच्या, विशीतल्या विधवा. पहिल्याच दिवशी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. "अगं, हितनं मलाच काही दिसत नाही, तुला कसं दिसणार?"

दुसऱ्या दिवशी गासड्या बाहेर गेल्या, फळा लांब भिंतीच्या मधोमध आला आणि आम्ही त्याच्याभोवती अर्धगोल बसू लागलो. दारापाशी उजेडात चिंचोके आणि धूळपाटी. आता मला बाईंचे ओठ दिसत. ओठांवरून मी मराठी शब्द ओळखू लागले आणि हळूहळू वाचूही लागले.

शाळाखात्याच्या साहेबांची तपासणी जवळ आली तसे हेडमास्तर म्हणाले, "बाई, मुलांच्या ओळी पूर्वीसारख्या लावा. दिपोटीसाहेबांपुढं मी तुमची नोकरी वाचवू शकणार नाही." बाईंवर म्हातारी आई अवलंबून होती. तरी त्यांनी ओळी लावल्या नाहीत. साहेब आले तेव्हा बाईंच्या हातातला खडू मोडला.

"हा काय बाजार मांडलाय?" म्हणत साहेबांनी नेमके माझ्याकडे बोट केले. "वाच." मी परकराची कड मुठीत धरली...

"लक्ष्मी, माझ्या तोंडाकडं बघ," बाई म्हणाल्या. त्यांच्याही ओठांना कोरड पडली होती. मी फळ्यावरच्या सगळ्या ओळी वाचल्या. साहेब निघून गेले. थोड्याच दिवसांत बाईंची मोहोळला बदली झाली, आणि आमच्या खोलीत पुन्हा ओळी लागल्या.

आता बाई वारल्याचे कळल्यावर मी मोहोळला त्यांचा वर्ग बघायला गेले. भिंतीवर अगदी खाली, मुलांच्या हाताला पोचेल असा काजळीने रंगवलेला फळा होता. तो बाईंनी स्वतः रंगवलेला. त्यांच्या जागी आलेली कोवळी मास्तरीण पांढरीफटक पडून उभी होती. "तपासणी आहे हो. हेडमास्तर म्हणतात, हे पुसा, ओळी लावा. काय करू?"

मीही आता मास्तरीणच; ही धास्ती दरवर्षी मलाही असते. तेवढ्यात मुले आली आणि खडू घेऊन थेट त्या फळ्याशी बसली.

"पुसू नका," मी म्हणाले. "त्या दिवशी मी येते. तुमच्या शेजारी बसते." माझा आवाज कापत होता, तो तिला ऐकू आला असणार.

उद्या ती तपासणी आहे. रजा मागितली आहे, ती अजून मंजूर झालेली नाही. सकाळच्या गाडीने मी निघणार आहे.