एका मांडवात दोन मतं

माझ्या मामांइतका मताच्या बाबतीत चिक्कू माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात दुसरा झाला नाही. चहा कोणालाही पाजतील, बैलजोडी मागेल त्याला देतील, पण मत म्हटलं की लेकीला स्थळ बघावं तशी चौकशी. हसनाबादजवळच्या त्यांच्या गावात शाळेच्या वाटेवर नाला होता. तो भरला की पलीकडच्या वस्तीवरच्या पोरी चार-चार दिवस घरी बसायच्या. तिथं पूल व्हावा, हा मामांचा एकच ध्यास. म्हणून त्यांनी कायदाच केला होता: मत मागायला येणाऱ्यानं आधी बूट काढून नाला ओलांडून दाखवायचा. जो उतरेल त्याला मत. एकानं कंबरदुखी सांगितली, तर मामा म्हणाले, "मंग मुंबईला इधानसभेत कसं बसताल? तिथं बी कंबरच लागती की!"

नव्याण्णव साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच आल्या. खर्च वाचतो म्हणे! वा रे शहाणे! वाचलं ते यांचं लोकांना तोंड दाखवणं. एरवी दोनदा धूळ खात यायचे, आता एकाच जीपमधून दोघं उतरले. मामांनी नाल्याकडं बोट केलं. दिल्लीवाला म्हणाला, "हे आमदाराचं काम." आमदारकीवाला म्हणाला, "निधी वरून यावा लागतो." मग दोघांनी मिळून देशाच्या सुरक्षेवर अर्धा तास भाषण ठोकलं. बूट कोणाचेच निघाले नाहीत. मामा भडकले, "एका मांडवात दोन लग्नं लावली की समदे थोरल्या नवरीकडंच बघतेत. धाकटीला हळद लागली का न्हाई, कोन इचारतं?"

दोन दिवसांनी विधानसभेचा एक अपक्ष आला. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, निशाणी शिलाई मशीन. कायदा ऐकला आणि गडी चपला हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं जाऊन कुडकुडत परत आला. मामांनी त्याला आपलं कोरडं धोतर नेसायला दिलं आणि शब्दही दिला, "मत तुमचंच. बिलकुल!"

मतदानाच्या रांगेत मामांनी सगळ्यांना झापलं, "दोन कागद, दोन इचार! डोळे झाकून एकाच निशाणीवर शिक्के हाणू नका, मेंढरं हाव का?" आत गेले आणि बाहेर आले ते तोंड पाडूनच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाच्या, घोटाळा झाला. दिल्लीसाठी नाल्यात कोनीच उतरलं न्हवतं, म्हून जुन्याच निशाणीवर शिक्का मारला, अन् त्याच झोकात दुसऱ्या कागदावर बी त्याच निशाणीवर हात गेला." मी पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत.

अपक्ष सपाटून पडला. पंधरा दिवसांनी तो धोतर धुऊन, घडी घालून परत द्यायला आला. "पडलो त्याचं काई न्हाई, मामा. या गावात तुमचं एक मत तर बराबर माझंच व्हतं. तेवढ्यावर मी खूष हाय." मामांनी ती घडी त्याच्याकडंच परत सरकवली. "धोतर ऱ्हाऊ द्या तुमालाच," एवढंच म्हणाले.

पुढं निवडणुका वेगवेगळ्या झाल्या. विधानसभेच्या दिवशी मामा सर्वांच्या आधी केंद्रावर हजर. दारावरची उमेदवारांची यादी त्यांनी दोनदा वाचली. "सायकलवाला उभाच न्हाई का रे?" त्यांनी विचारलं. नव्हता. नाल्यात उतरणारा एकच माणूस आला आणि त्याला आपण पाडलं, असंच मामांना अखेरपर्यंत वाटत राहिलं. एका मतानं कोणी पडत नसतं, असं मी कितीदा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि नाल्याकडं बघत बसायचे.